मवाळ आवाजाचा हक्क

१९६३ सालच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील रेडिओवर ‘रॉयल टेलिफोन’ नावाचे एक भक्तिगीत वारंवार वाजू लागले. ईश्वरापर्यंत थेट पोहोचणारी टेलिफोनची एक तार आहे, ती कधी अडकलेली नसते आणि तिच्यावर बोलायला कोणालाही पैसे पडत नाहीत, एवढीच त्या गाण्यातली बाळबोध म्हणावी अशी कल्पना. ते गाणारा जिमी लिटल हा २६ वर्षांचा, नीटनेटका सूट घालणारा, हसऱ्या चेहऱ्याचा तरुण मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा या मूलनिवासी समाजातला होता. गाण्याची तबकडी हातोहात खपली आणि पुढच्या वर्षी एका लोकप्रिय नियतकालिकाने लिटल यांना वर्षातील अग्रगण्य पॉप गायक ठरवले. न्यू साउथ वेल्स राज्यात मूलनिवासी माणसाला मद्य विकणे हा कायद्याने गुन्हा होता, आणि हे बंधन उठले तेही याच १९६३ सालात. म्हणजे तोपर्यंत लिटल जेथे गात, त्या क्लबांतल्या श्रोत्यांना समोरचा पेला कायद्याने मिळत असे आणि मंचावरच्या गायकाच्या समाजबांधवांना मात्र सरकारी सवलतपत्राशिवाय तो मिळत नसे.

अशा गायकाविषयी एक आक्षेप सहज सुचतो. ज्याच्या लोकांची जमीन गेली, मुले हिरावली गेली, ज्यांच्या येण्याजाण्यावरही मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाची नजर होती, त्याने ‘डॅनी बॉय’सारखी आयरिश वळणाची गीते, अमेरिकी कंट्री म्हणजे ग्रामीण ढंगाची गाणी आणि चर्चमधली भक्तिगीते गोड आवाजात गात राहावे, गोऱ्या श्रोत्यांना अडचणीत आणणारा एकही शब्द उच्चारू नये, हे कितपत योग्य? या आक्षेपाच्या जोडीला दुसराही एक येतो, तो वरवर निराळा दिसतो. हे संगीत मुळात त्यांचे नाहीच, खरा मूलनिवासी सूर डिजेरिडू या लांब, पोकळ लाकडी फुंकवाद्याचा आणि टाळकाठ्यांचा, गिटारवरचे कंट्री किंवा रॉक अँड रोल म्हणजे उसनवारी, असे तो सांगतो. मला हे दोन्ही आक्षेप एकाच मुळातून आलेले वाटतात. वंचित समाजातल्या कलावंताने कोणत्या सुरात गायचे हे त्याच्याबाहेरच्या कोणीतरी ठरवावे, ही अपेक्षा दोन्हींत सारखीच आहे, आणि लिटल यांची सुमारे साडेपाच दशकांची कारकीर्द नीट पाहिली तर ती अपेक्षा किती अन्यायाची आहे हे कळते.

लिटल यांचा जन्म १ मार्च १९३७ रोजी कमेरागंजा येथे झाला. मरे नदीच्या न्यू साउथ वेल्सकडील तीरावरची ही राखीव वस्ती. तेथील लोकांनी स्वतः साफ करून पिकवलेले जमिनीचे तुकडे पुढे सरकारी मंडळाने परत घेतले आणि व्यवस्थापकाच्या हाती सारा कारभार दिला. अपुरा शिधा, वस्तीतले आजार, व्यवस्थापकाची अरेरावी आणि मुले उचलून नेली जाण्याची धास्ती यांना कंटाळून ४ फेब्रुवारी १९३९ रोजी तेथील शेकडाभराहून अधिक माणसे घरेदारे सोडून, नदी ओलांडून व्हिक्टोरिया राज्यात निघून गेली. मूलनिवासींच्या सामुदायिक प्रतिकारातील हा अगदी आरंभीचा आणि मोठा प्रसंग मानला जातो. निघणाऱ्यांत लिटल कुटुंब होते, आणि जिमी तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. नंतर हे कुटुंब वडिलांच्या यूइन लोकांच्या मुलखात, समुद्राजवळच्या वॉलागा लेकच्या बाजूला जाऊन राहिले. जो माणूस ‘कधी लढला नाही’ असे म्हटले जाते, त्याचे बालपण एका बहिष्कारातूनच सुरू झाले होते, हे विसरून चालणार नाही.

त्याच घरात संगीतही होते. वडील नाच, विनोद आणि गाणी यांचा संच घेऊन मरेकाठच्या गावांतून कार्यक्रम करीत. आई गायिका होती आणि योडेलिंग करी, म्हणजे छातीतला स्वर एकदम वर उडवून परत खाली आणायची ती गुराख्यांच्या गाण्यांतली हरकत. ही आई जिमी शाळकरी वयात असतानाच गेली. बोटाला कालवाच्या शिंपल्याने कापल्याचे निमित्त झाले आणि धनुर्वात झाला. ज्या दुखण्यावर लस उपलब्ध होती, त्याने हे घर मोडले. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता उसनवारीचा प्रश्न. कमेरागंजाच्या लोकांचा या ‘परक्या’ संगीताशी संबंध रेडिओने जोडला असे मानणे चूक आहे. १८८६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा फिस्क ज्युबिली सिंगर्स हा संच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना जवळच्या मलोगा मिशनमध्ये गेला. गुलामगिरीतून आलेली त्यांची गीते तेथील लोकांच्या मनात अशी रुजली की त्यांच्यापैकी एका गीताचे योर्टा योर्टा भाषेत रूपांतर झाले. फारोचे सैन्य समुद्रात कसे बुडाले हे सांगणारे ते गाणे आजही त्या समाजात गायले जाते. हे रूपांतर ज्यांच्या नावाशी जोडले जाते ते शिक्षक थॉमस शॅड्राक जेम्स मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे तमिळ गृहस्थ होते. त्यांच्या शाळेतून विल्यम कूपर आणि डग्लस निकोल्स यांच्यासारखे मूलनिवासी पुढारी घडले, आणि निकोल्स पुढे १९७६ साली साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. गुलामीत पिचलेल्यांची गाणी अमेरिकेतून येतात, एक तमिळ शिक्षक त्यांना हात लावतो आणि बेदखल केलेल्यांच्या भाषेत ती राहतात. या सगळ्यात ‘मूळचे’ आणि ‘उसने’ अशी रेघ कोठे ओढायची, हे मला तरी सांगता येणार नाही.

कंट्री संगीताचेही असेच झाले. १९३६ साली गायक टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या निघू लागल्यापासून हे संगीत ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील गुरांच्या चराऊ मुलखात पोहोचले, आणि तेथे गुरे हाकणारे, कुंपणे घालणारे कामकरी मोठ्या संख्येने मूलनिवासीच होते. गिटार पाठीवर टाकून कोठेही नेता येते, ती वाजवायला वीज लागत नाही, तीन-चार मेळ, म्हणजे कॉर्ड, जमले की सोबतीला गाणारे मिळतात. शिवाय या गाण्यांचे विषय पाहावेत. सुटलेले घर, न भेटलेली आई, लांबचा रस्ता, तुरुंग, आगगाडी, ज्या मातीत परत जाता येत नाही तिची आठवण. हे सारे गोऱ्या गायकांच्या तोंडी कधी कधी अलंकार म्हणून येत असेल, पण मिशनमधल्या आणि राखीव वस्त्यांमधल्या श्रोत्यांना ते रोजचे होते. कंट्री त्यांच्यावर कोणी लादले नाही. आपले बोलणे ज्यात बसते असा एक प्रकार त्यांनी ओळखून उचलला. मला तर वाटते की त्या देशात या संगीताचा सर्वांत खरा अर्थ त्यांच्याच घरांत लागला.

रॉक अँड रोल सिडनीत आले ते पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात. गायक जॉनी ओ’कीफ यांचे ‘वाइल्ड वन’ हे गाणे १९५८ सालचे, आणि गायक कोल जॉय, टेलिव्हिजनवरचे ‘बँडस्टँड’, सभागृहांतून ओरडणारी तरुण पोरे, हा सगळा त्याच सुमाराचा माहोल. लिटल १९५५ साली सिडनीला आले होते, १९५६ साली त्यांची पहिली तबकडी निघाली होती, आणि या नव्या लाटेतही ते वावरले. पण त्यांचा गळा ओरडण्याचा नव्हता. जिम रीव्ह्ज आणि नॅट किंग कोल या अमेरिकी गायकांच्या जातीचा तो आवाज. शब्दाला धक्का न लावता तो पुढे सरकवणारा, श्वास ऐकू येणार नाही इतका सावकाश. अशा गळ्याच्या माणसाने केवळ आपल्या समाजावर अन्याय झाला म्हणून कर्कश व्हावे, अशी मागणी गोऱ्या गायकाकडे कोणी करीत नाही. त्याला आपल्या गळ्याप्रमाणे गाण्याची मुभा जन्मतःच असते.

आक्षेपातील एक भाग मात्र खरा आहे. १९६१ साली केंद्र आणि राज्य सरकारांनी ‘सामावून घेण्या’चे जे धोरण शब्दबद्ध केले, त्यात सर्व मूलनिवासींनी इतर ऑस्ट्रेलियनांप्रमाणेच राहावे, त्यांचेच रीतिरिवाज पाळावेत, त्यांच्याच श्रद्धा, आशा आणि निष्ठा बाळगाव्यात, अशी अपेक्षा होती. सूट घातलेला, सौम्य, चर्चचे गाणे गाणारा तारा या धोरणाला आयता पुरावा म्हणून सोयीचा होता. पाहा, मेहनत केली की आमच्या देशात कोणीही वर येऊ शकतो, असे म्हणायला त्याचा उपयोग होत असणार. आणि हेही खरे की गोड गाण्यांनी कायदे बदलले नाहीत. १९६५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स या मूलनिवासी विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी बसमधून वॉलगेट आणि मोरी या गावांत गेले, माजी सैनिकांच्या क्लबापुढे आणि पोहण्याच्या तलावापुढे उभे राहिले, त्यांनी शिव्या आणि अंडी झेलली, तेव्हा कोठे त्या दारांवरच्या मूलनिवासींवरील बंदीची लाज देशाला वाटू लागली. १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी मूलनिवासींना जनगणनेत मोजण्याच्या आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला देण्याच्या बाजूने कौल दिला, त्यामागे अशा माणसांची वर्षानुवर्षांची पायपीट होती. सगळेच लिटल यांच्यासारखे असते तर मोरीच्या तलावाचे दार उघडले नसते, हे मी मान्य करतो.

पण सगळेच पर्किन्स यांच्यासारखे असावेत ही अट कोणत्या समाजाला घातली जाते? गोऱ्या ऑस्ट्रेलियात पुढारी, गायक, गवळी, गुन्हेगार आणि संत वेगवेगळे असू शकतात आणि त्यांतल्या एकाचे वागणे दुसऱ्याच्या खात्यावर पडत नाही. पुरावा म्हणून लिटल यांचा वापर झाला असेल, तर त्याचा जाब वापरणाऱ्यांना विचारायला हवा. आपला चेहरा कोणी कोणत्या जाहिरातीवर चिकटवील या भीतीने माणसाने हसणेच सोडून द्यावे, असे सांगणे म्हणजे त्याच्याकडे उरलेली शेवटची मोकळीकही काढून घेणे होय.

संतापाचा सूर लावणारे गायक त्याच पिढीत होते, आणि त्यांना देशाने कसे वागवले तेही बघण्यासारखे आहे. सिडनीच्या ला पेरूझ वस्तीतले व्हिक सिम्स यांना कोल जॉय यांनी लहान वयातच हेरले आणि रॉक अँड रोलच्या मंचावर आणले. पुढे ते बाथर्स्टच्या तुरुंगात पोहोचले, तेथे गिटार शिकले, आणि १९७३ साली तुरुंगातच त्यांचा ‘द लोनर’ हा गीतसंग्रह ध्वनिमुद्रित झाला. आपल्याच देशात आपण परके असल्याची वेदना त्यात उघडपणे येते. त्या गीतांना तेव्हा मोठा श्रोतृवर्ग मिळाला नाही आणि त्यांची किंमत देशाला कळायला काही दशके जावी लागली. म्हणजे जो मवाळ गायला त्याला ‘तू बोलत का नाहीस’ असे विचारायचे आणि जो बोलला त्याचे ऐकायचे नाही. सिम्स आणि लिटल यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. एकाच अडवणुकीतून निघालेल्या त्या दोन वाटा होत्या.

अस्सलपणाची ही कसोटी केवळ संगीतापुरती असती तर तिच्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. १९९८ साली योर्टा योर्टा लोकांचा आपल्या पारंपरिक भूमीवरील हक्काचा दावा न्यायमूर्ती ओल्नी यांनी फेटाळला. इतिहासाच्या भरतीने या लोकांच्या पारंपरिक कायद्याचे आणि रूढींचे खरेखुरे पालन धुऊन नेले आहे, असा त्यांच्या निकालाचा गाभा होता. समाजातील वृद्धांच्या तोंडी साक्षींपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या जमीनधारकाच्या लिखाणाला त्यांनी अधिक वजन दिले. इतकेच नव्हे, तर १८८१ साली याच लोकांनी शेतीसाठी जमीन मिळावी म्हणून राज्यपालांना केलेला अर्जही त्यांची जुनी जीवनपद्धती संपल्याचा पुरावा ठरला. २००२ साली सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयानेही दावा फेटाळलेलाच ठेवला. बदलला म्हणून हक्क गेला, आणि बदलायला भाग कोणी पाडले हा प्रश्न निकालाच्या कक्षेबाहेर राहिला. लिटल यांचे संगीत ‘खरे मूलनिवासी’ नाही असे म्हणणाऱ्या रसिकाला आपण एक निरुपद्रवी अभिरुची मांडतो आहोत असे वाटत असेल, पण त्याच विचाराला न्यायालयात बसवले की त्यातून माणसांची नदी आणि रान जाते. निकालाच्या तीनच वर्षे आधी लिटल यांनी स्वतःला योर्टा योर्टा माणूस म्हणवणारा गीतसंग्रह काढला होता, गिटारवर आणि इंग्रजीत. त्या दोन गोष्टींत त्यांना विसंगती दिसली नाही, कारण ती नव्हतीच.

सत्तरच्या दशकानंतर त्यांचे नाव मागे पडले होते. रेडफर्नमधील इओरा केंद्रात ते मूलनिवासी विद्यार्थ्यांना शिकवीत, अधूनमधून नाटक-चित्रपटांत दिसत. मग १९९९ साली, ६२ व्या वर्षी, ‘मेसेंजर’ आला. ब्रेंडन गॅलाघर यांनी निर्मिती केलेल्या या संग्रहात लिटल यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या ऑस्ट्रेलियन रॉक गटांची गाणी घेतली आणि आपल्या चालीने, आपल्या सावकाशीने म्हटली. त्यातले ‘कॅटल अँड केन’ हे गाणे मुळात गो-बिट्वीन्स या गटाचे, क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांतून आगगाडीने घरी जाणाऱ्या एका गोऱ्या मुलाच्या आठवणींचे. तेच शब्द लिटल यांच्या तोंडून ऐकताना घर, मळा आणि परतीचा प्रवास या तिन्हींवर आणखी कोणाचा तरी हक्क आहे, हे एक शब्दही न बदलता जाणवते. चार दशके ज्या आवाजाला आज्ञाधारक समजले गेले होते तो आता पोरसवदा रॉक गायकांच्या गाण्यांचे मालकीपत्र स्वतःच्या नावे करून घेत होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ध्वनिमुद्रण उद्योगाच्या मानवंदना-यादीत त्यांचे नाव गेले. हा संग्रह ऐकल्यावर त्यांचा मवाळपणा म्हणजे भित्रेपणा नव्हता, याबद्दल मला शंका उरली नाही. तेवढ्या संथ गतीत सूर धरून ठेवायला धिटाई लागते.

एव्हाना त्यांची मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. काही काळ डायलिसिसवर काढल्यानंतर २००४ साली त्यांच्यावर प्रत्यारोपण झाले. ज्या शहरात उत्तम रुग्णालये आहेत तेथील नामवंताला हे शक्य झाले, पण मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या माणसाला याच आजारासाठी शेकडो किलोमीटर दूर अ‍ॅलिस स्प्रिंग्ज किंवा डार्विनला कायमचे जाऊन राहावे लागे, कारण यंत्र तेथेच. मूत्रपिंडाच्या विकाराचे प्रमाण दुर्गम भागातील मूलनिवासींमध्ये इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे, आणि बालपणीचे संसर्ग, गर्दीची घरे, मधुमेह, ताज्या अन्नाची टंचाई अशी त्याची कारणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. याच वाळवंटातल्या किन्टोर परिसरातील मूलनिवासी चित्रकारांनी तर २००० साली आपली चित्रे सिडनीत लिलावाला काढली, दहा लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि त्यातून आपल्याच गावात डायलिसिस आणण्याची सुरुवात केली. जे काम सरकारचे होते ते कुंचल्याने करावे लागले, हे मला लाजिरवाणे वाटते. चित्रकारांचा यात गौरव आहेच, पण लाज ज्यांनी बाळगायची त्यांनी ती बाळगलेली नाही.

लिटल यांनी २००६ साली आपल्या नावाने एक प्रतिष्ठान काढले, तेही याच प्रश्नासाठी. त्यातून पुढे शाळकरी मुलांसाठी एक उपक्रम उभा राहिला. दुर्गम वस्त्यांमधल्या मुलांबरोबर गाणी रचायची, ती गाता गाता पाणी, फळे आणि भाज्या यांचे महत्त्व त्यांच्या गळी उतरवायचे, आणि वस्तीतल्या दुकानातून चांगले अन्न घेणे त्यांच्या घरांना परवडेल अशी काही सोय करायची. ज्या वस्तीत दुकान एकच असते आणि भाजी हजार किलोमीटरवरून येते, तेथे हा उपक्रम किती राजकीय आहे हे वेगळे सांगायला नको. बोटाला झालेल्या एका जखमेने आई गमावलेल्या मुलाने म्हातारपणी आपली सारी कीर्ती याच कामात ओतली. जो मवाळ आवाज गोऱ्या दिवाणखान्यांत सुरक्षित मानला गेला, त्याच आवाजामुळे मंत्र्यांची आणि कंपन्यांची दारे या कामासाठी उघडत होती, आणि ज्या मुलांनी त्यांचे १९६३ चे गाणे कधी ऐकलेही नव्हते ती त्यांना प्रेमाने ‘अंकल जिमी’ म्हणत होती.

२ एप्रिल २०१२ रोजी डबो येथील राहत्या घरी, ७५ व्या वर्षी लिटल यांचे निधन झाले. प्रत्यारोपणानंतर त्यांना आठ वर्षे मिळाली होती. तेवढीच वर्षे किन्टोरच्या किंवा वॉलगेटच्या साध्या कामगारालाही आपल्या माणसांत राहून मिळाली पाहिजेत, ही मागणी लिटल यांनी शेवटपर्यंत केली, आवाज न चढवता.